लांबी न भरणारे भालेकर

सेकंडहँड गाडी घेतलीय हे मी सोसायटीत कुणालाच सांगितलं नव्हतं. हार घातलेली गाडी, हातात पेढ्यांचा पुडा, चेहऱ्यावर शोरूममधून आल्याचा भाव. तेवढ्यात तळमजल्यावरचे भालेकर आले, खिशातून लोहचुंबक काढला आणि माझ्या गाडीच्या दाराला लावला. चुंबक टपकन खाली पडला.

"लांबी आहे," ते म्हणाले. "आत पत्राच नाही. बाई, तुम्ही गाडी नाही, कणकेचा गोळा आणलात."

वर दोन पेढे उचलून गेले. अभिनंदन वगैरे काही नाही.

लांबी म्हणजे गंजलेल्या पत्र्यावर रंगारी थापतात ते लुकण. थापायचं, घासायचं, वरून रंग मारायचा. दार नव्यासारखं दिसतं आणि भोक आतल्या आत वाढत राहतं. मधुकर भालेकरांचा जगात एकच शत्रू, ही लांबी. चाळीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात पत्र्याचं काम केलेला माणूस. "रंग कुणीही देतो हो. आत पत्रा आहे का?" हा त्यांचा प्रश्न गाडीपुरता राहिला नव्हता. सोसायटीच्या खजिनदारांनी तासभर भाषण केलं, तेव्हाही त्यांनी हाच विचारला. दाताच्या डॉक्टरांनी किडलेली दाढ भरू या म्हटलं, तर हे म्हणाले, "भरायची? म्हणजे लांबीच की!" आणि दाढ उपटून आले. तरुणपणी मुलगी बघायला गेले होते, तर मुलीच्या वडिलांच्या स्कूटरला चुंबक लावला म्हणे. लग्न राहिलं ते राहिलंच.

अशा माणसानं सहा वर्षांपूर्वी भंगारवाल्याकडून एक अमेरिकन गाडी उचलून आणली. लांबलचक नाक, दोनच दारं, स्टिअरिंग डावीकडे. अमेरिकेत अशा गाडीला मसल कार म्हणतात. आमच्या सोसायटीत तिला 'तो पत्रा' म्हणायचे. मी सेक्रेटरी, म्हणजे ज्या मीटिंगला गेले नाही त्या मीटिंगमध्ये एकमतानं निवडून आलेली. तेव्हा तक्रारी सगळ्या माझ्याकडे. गाडी दोन पार्किंग खाते, ग्राइंडर कानात जातो, पोरांच्या चपलांना तांबूस भुकटी लागते. मी नोटीस लावली. भालेकरांनी तिच्यातलं शुद्धलेखन लाल पेननं दुरुस्त केलं आणि शेजारी स्वतःची पाटी लावली: 'ग्राइंडर चार ते सहा. तक्रारी सहानंतर. सहानंतर मी भेटत नाही.'

आणि काम तरी किती संथ! रुपयाएवढा गंज दिसायचा. "गंज दिसतो त्याच्या दुप्पट असतो," म्हणत ते कापायला लागायचे. चकाकता पत्रा लागेपर्यंत कापायचे आणि भोक जेवणाच्या ताटाएवढं व्हायचं. मग त्या मापाचा नवा पत्रा ठोकून ठोकून गोलाईला आणायचा, वेल्डिंग करायचं, घासायचं. पसंत पडलं नाही की पुन्हा कापायचं. इंजिन दोन वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. ते सुरू झालं की वर माझ्या स्वयंपाकघरात बशा वाजायच्या. पण गाडी काही फाटकाबाहेर जाईना.

"हे सगळं कुणासाठी चाललंय हो?" मी एकदा वैतागून त्यांच्या आईलाच विचारलं. माई नव्वदीच्या जवळ आलेल्या, खुर्ची टाकून पार्किंगमध्ये मुलाचं काम बघत बसायच्या. सकाळचं त्यांना संध्याकाळी आठवायचं नाही, पण जुनं लख्ख.

"ह्यांची गाडी आहे ती," माई म्हणाल्या. "म्हणजे ह्यांच्या साहेबांची. हे ड्रायव्हर होते ना. आमच्या गल्लीवरून न्यायचे, तेव्हा हळूच हॉर्न द्यायचे. मी दारात यायची. म्हटलं एकदा, मला बसवा की, सारसबागेला एक फेरी मारा. तर म्हणाले, साहेब बघतील." त्या हसल्या. "मधू तर मागं धावायचा गाडीच्या. रडून गोंधळ घालायचा."

भालेकर पत्रा ठोकत होते. थांबले नाहीत, पण म्हणाले, "वडील नोकरीतच गेले. आईची एक फेरी राहिलीय."

त्या दिवसापासून मी तक्रारींची वही कपाटात टाकली. माझी गाडी रस्त्यावर लावायला लागले.

दिवाळीनंतर माई पडल्या. हाड मोडलं नाही, पण अंगातलं बळच गेलं. डॉक्टर भालेकरांना म्हणाले, "कुठं हिंडवायचं असेल तर आत्ता हिंडवा. महिन्याभरानं त्यांना बसवेल असं सांगता येत नाही." आणि त्याच संध्याकाळी बघते तर हा गृहस्थ उजव्या दाराची खालची कड कापायच्या तयारीत!

"अहो, हे काय?"

"चाळण झालीय. महिना-दीड महिना लागेल."

"मग राहू दे ना तशीच!"

"साहेबाच्या वेळी चकाचक होती. माझ्या आईनं भोकाच्या दारातून आत जायचं?"

माझं डोकंच फिरलं. "भालेकर, माई थांबणारेत का तुमच्या पत्र्यासाठी? थापा ती लांबी आणि न्या त्यांना!"

"खोटं काम होईल ते."

"होऊ दे!"

त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला, घरात गेले आणि दार लावून घेतलं. दोन दिवस आवाज नाही. मला वाटलं, आपण जास्तच बोललो.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले तर भालेकर जमिनीवर बसून दाराच्या कडेला लांबी भरत होते. हात सराईत चालत होता, मान मात्र खाली. माझी चाहूल लागली तशी म्हणाले, "बघू नका." मी आल्या पावली परत फिरले. खरं सांगते, दाढ उपटून घेतली तेव्हाही या माणसाचा चेहरा इतका पडला नव्हता.

रविवारी सकाळी गाडी निघाली. गडद निळा रंग, अजून वास येत होता. माईंना जरीकाठी लुगडं नेसवलं, आम्ही दोघांनी उचलून पुढं बसवलं. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे माई पूजेला बसल्यासारख्या उजवीकडे. त्यांना मागून धरायला कुणीतरी हवं म्हणून मी मागच्या सीटवर. रस्त्यातले लोक वळून वळून बघत होते, स्कूटरवाले फोटो काढत होते. भालेकर कुणाकडे बघत नव्हते.

सारसबागेची झाडं दिसायला लागली तशी त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. शेजारी बघितलं, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, साहेब बघतील. मी इथंच उतरते."

कुणाची चूक या माणसानं आजवर तशीच सोडली नव्हती. आता म्हणणार, आई, मी मधू.

भालेकरांनी गाडीचा वेग कमी केला. "साहेब गावाला गेलेत," ते म्हणाले. "दोन दिवस येत नाहीत. तू बस निवांत."

"खरंच?"

"खरंच."

माई मागं टेकल्या. त्यांचा खांदा माझ्या हाताखाली सैल पडलेला मला कळला. बागेला एक वळसा झाला, दुसरा सुरू झाला. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं.

"मग मधूला तरी आणायचं होतं की हो," त्या म्हणाल्या. "किती रडत होता तो मघाशी. एकटाच ठेवून आलो त्याला."

पासष्ट वर्षांचा मधू दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होता. दुसरा वळसा पुरा झाला, त्यानं तिसरा घेतला.

"पुढच्या खेपेला आणू त्याला," शेवटी भालेकर म्हणाले. "आता नाही रडत तो."