खोट्या पाट्यांची बाग

बीडच्या आमच्या कॉलेजची निजामाच्या काळातली एक बाग आहे. तिथल्या एकाही झाडावर खरं नाव नाही, आणि ही करामत वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी स्वतःच्या हाताने केलेली आहे. एरवी विद्यार्थ्यांना चुकीचं शिकवायला आम्हाला वर्ग पुरतात.

त्या प्राध्यापकांचं, मुनीर सरांचं, म्हणणं सरळ होतं. पूर्वी चंदनावर 'चंदन' अशी पाटी होती. एका सकाळी झाड गेलं आणि बुंधा तेवढा उरला.

"चोराला आपुनच पत्ता लिहून दिल्ता, ध्यानात घ्या," असं म्हणून सर रंगाचा डबा घेऊन बसले. राहिलेल्या दुसऱ्या चंदनाचा करंज झाला. आपट्याचा कांचन झाला आणि कांचनाचा आपटा. तेव्हापासून दसऱ्याच्या आदल्या दिवशी लोक भिंतीवरून उड्या मारून कांचन ओरबाडतात आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या प्रेमाने एकमेकांना 'सोनं घ्या' म्हणतात. खऱ्या आपट्याचं पानही हलत नाही.

"सर, चोर झाड ओळखत असतील की," मी एकदा म्हणालो. मी पडलो कॉलेजचा कारकून, माझ्या शंकेला शास्त्रात काय किंमत!

"झाड वळखनारा मानूस चोरी करतच न्हाई," सर म्हणाले. चंदन अजून उभं आहे.

बागेच्या कडेला एक खोली आहे. तिथल्या लाकडी कपाटांत जुन्या वनस्पती वाळवून, कागदांवर चिकटवून ठेवल्या आहेत. त्या कागदांवरची नावं मात्र खरी. खुद्द प्राचार्य पाहुणे घेऊन आले तरी सर दारातच ओठांवर बोट ठेवायचे. "हळू. झोपल्यात त्या." डांबराच्या गोळ्यांच्या वासाने पाहुण्यांचा आवाज बंद व्हायचा आणि सर तो आदर समजायचे.

कॉलेजच्या सहलीत मांजरसुंब्याला ढाब्यावर आम्ही जेवत असू, तेव्हा सर मागच्या उकिरड्यावर गवतापुढे उकिडवे बसलेले असायचे. आमच्यापेक्षा ते बरं बोलतं, असं त्यांचं मत होतं.

यंदा सर निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. कॉलेजचं त्यांच्यावर इतकं प्रेम, की त्यांच्या जागी कुणाला नेमलंच नाही. कुठल्या पाटीमागे खरं झाड कोणतं, हे आता एकट्या सरांच्या डोक्यात राहिलं.

शाल खांद्यावर तशीच ठेवून ते माझ्या टेबलाशी आले. "चला, तुमाला नावं पाठ करून देतो. मी गेल्यावर ह्यांना खऱ्या नावानं हाक मारनारं कुनीच न्हाई राहनार."

"मला घरची तुळस सोडून काही कळत नाही, सर."

"म्हनून तर. डोक्यात जागा हाय तुमच्या."

आम्ही बागभर फिरलो. प्रत्येक खोडावर हात ठेवून सर हलक्या आवाजात नाव सांगत होते. शेवटी बाकावर बसले.

"उद्यापासून घरी बसून काय करू हो? घरवाली गेली. पोरगी सासरी. भिंतीशी बोलायची सवय न्हाई मला."

मला भडभडून आलं. ते कारकुनाला शोभत नाही, म्हणून मी चष्मा पुसत बसलो.

"बरं, म्हनून दाखवा आता," सर म्हणाले.

मी म्हणून दाखवलं आणि निम्मं चुकलो. सरांचा चेहरा एकदम खुलला. "कच्चं हाय. उद्या यीन परत."

त्याला कित्येक महिने झाले. मला आता सगळी बाग झोपेतसुद्धा म्हणता येईल. पण सर गेटातून आत आले, की मी चंदनापाशी जाऊन छातीठोकपणे सांगतो, "ही चिंच."

सर कपाळाला हात लावतात. "काय मठ्ठ मानूस हाय राव!" म्हणतात, आणि मला हाताला धरून पुन्हा पहिल्या झाडापासून सुरुवात करतात.