शोभना मावशीची हजेरी

दिगंबरने टेस्टिंगसाठी शोभना मावशीला ऑस्ट्रेलियातल्या एका कॉलेजात घातलं, तेव्हा मावशीला जाऊन तीन वर्षं झाली होती.

तिथल्या सरकारने व्यावसायिक शिक्षण सुधारायचं मनावर घेतलं होतं. नुसती कागदावरची कॉलेजं बंद करायची, प्रत्येक विद्यार्थ्याची हजेरी एकाच रजिस्टरमध्ये नोंदवायची. ते रजिस्टर बनवायचं काम दिगंबरच्या अमेरिकेतल्या चँडलर गावच्या कंपनीकडे आलं. खोटं नाव सुचेना म्हणून या गृहस्थाने मावशीचं टाकलं, 'वृद्धांची शुश्रूषा' हा कोर्स दिला आणि सिस्टीम लाइव्ह जाताना ते काढायला साफ विसरला. नोकरी गेली तर व्हिसावरच्या माणसाला साठ दिवसांत गाशा गुंडाळावा लागतो, एवढं मात्र त्याला पक्कं आठवत होतं.

महिन्याभराने त्याने घाबरत नोंद उघडली. मावशीची हजेरी शंभर टक्के.

"कसं शक्य आहे?" त्याची बायको इला स्क्रीनवर वाकली. "मावशी तर स्वतःच्या लग्नाला लेट पोचल्या होत्या!"

"गंमत नाहीये यार. कोणीतरी रोज मार्क करतंय."

"मग डिलीट कर ना."

त्याने बटण दाबलं. उत्तर आलं, 'विद्यार्थिनी सध्या वर्गात आहे. तास संपल्यावर प्रयत्न करा.'

बाहेर एकशे दहा डिग्री फॅरनहाइट ऊन होतं, तरी दिगंबरच्या अंगावर काटा आला.

बुधवारी प्रात्यक्षिकाचा निकालही लागला. मावशी पास. शेरा होता, 'काम चोख. मात्र आम्हालाच पाय चेपायला लावतात.'

"अगं बाई, ही तर मावशीच," इला पुटपुटली.

गुरुवारी दुपारी कॅनबेराहून तिथल्या शिक्षण खात्याच्या अधिकारी बाईंचा फोन आला. दिगंबरने त्यांना बोलूच दिलं नाही. "मॅडम, ते नाव खोटं आहे, मीच टाकलं, माफ करा," असं सगळं एका दमात ओकून टाकलं.

"खोटं कसं?" बाई म्हणाल्या. "कॉलेज बोगस होतं, मालकाने स्वतः येऊन कबूल केलंय. एकोणचाळीस विद्यार्थी खोटे."

"आणि चाळिसावी?"

"त्या बाई रोज रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसतात आणि 'शिकवा' म्हणतात. त्यांच्याच धाकाने मालक आमच्याकडे आला. तुमच्या रजिस्टरमधली तेवढी एकच नोंद खरी निघाली. तुमच्या कंपनीला कौतुकाचं पत्र पाठवतेय."

नोकरी वाचली. दिगंबरला हसावं की रडावं कळेना.

"अजून एक," बाई म्हणाल्या. "कॉलेज बंद पडलं की खऱ्या विद्यार्थ्याची दुसरीकडे सोय करायची, असा नवा नियम आहे. त्यांनी ऑनलाइन वर्ग मागितलाय. राहण्याचा पत्ता मेल केलाय, बरोबर आहे का तेवढं बघा."

दिगंबरने मेल उघडला. पत्ता चँडलरचा होता, याच घराचा. खाली लिहिलं होतं, 'सरावासाठी भाचा उपलब्ध.'

इला गेस्टरूममध्ये गेली आणि पलंगावरची इस्त्रीच्या कपड्यांची रास उचलू लागली.