सासूबाईंच्या आजोबांची टोपी

सासूबाई सोमवारी वृद्धाश्रमात जाणार होत्या. तिथल्या खोलीत मावेल एवढंच सामान न्यायचं होतं, म्हणून त्यांनी सगळ्यात आधी भिंतीवरची आजोबांची टोपी उतरवून घेतली. काळं चामडं, समोर सोनेरी गरुड, माथ्यावर पितळी टोक. हे आजोबा जर्मन सम्राट कैसरच्या फौजेत कप्तान होते, असं मी लग्नापासून दर जेवणाला ऐकत आलोय. (पाठोपाठ 'आणि आमचे जावई नगरपालिकेत कारकुंडे' हेही.)

म्हटलं, जाता जाता म्हातारीला खूश करावं. जाणकाराला दाखवून टोपीची ओळख पटवावी आणि आजोबांची पलटण एका पाटीवर लिहून द्यावी. शिवाय बाहेर नोव्हेंबरचा पाऊस होता आणि घरात सामान बांधताना सगळे सुतकात असल्यासारखे वावरत होते. तेवढीच सुटका.

जुन्या लष्करी वस्तू विकणाऱ्या लुडेकेंनी टोपीवर भिंग धरलं आणि सुस्कारा सोडला.

"कप्तान कोण म्हणालं?"

"सासूबाई."

"हा गरुड लढणाऱ्यांचा नव्हे. ही लष्करातल्या बेआम्टरची, म्हणजे सरकारी नोकराची टोपी. पगार वाटणारे, कोठारात पीठ मोजणारे, तसले."

"म्हणजे कारकून?"

"हवं तर तसं म्हणा."

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. घरी येऊन बायकोला सांगितलं. आल्मुट आईच्या कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"आईला बोललास तर याद राख," ती म्हणाली. "घर सुटतंय तिचं. आता आजोबाही काढून घेणार?"

तिचे डोळे भरून आले. मग मलाही खरंच वाईट वाटलं. एवढी वर्षं जपलेला बदला मी मुकाट गिळला.

कॉफीच्या वेळी सासूबाईंनी विचारलंच. "काय म्हणाला तो?"

"कप्तानच. फार शूर होते म्हणे."

"टोपीवरून शौर्य कळतं?"

"गरुडाच्या चेहऱ्यावरून." (आल्मुटनं टेबलाखालून लाथ घातली.)

"डेटलेफ, तुला धड खोटंही बोलता येत नाही. पीठ मोजायचे ते. कप्तान हे माझ्या आईनं लावलेलं शेपूट. मला लहानपणापासून ठाऊक आहे."

मी कप खाली ठेवला. "मग मला कारकुंडा म्हणून का हिणवलंत?"

"ते बेआम्टर होते. शपथ घेऊन नेमलेले, मरेपर्यंत सरकारी. आणि तू? दर वर्षी कराराची मुदत वाढते का म्हणून जीव मुठीत धरून बसतोस."

टोपी उतरवल्यावर भिंतीवर एक फिकट गोल उरला होता, त्याकडे सासूबाई बघत राहिल्या. मग त्यांनी टोपी माझ्या मांडीवर ठेवली.

"इथेच राहू दे ही," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर या घरात कुणीतरी पर्मनंट हवं."