आपटेकाकांचा ऑफ-सीझन

आपटेकाका युरोपला जितक्या सहज जातात, तितक्या सहज आपण दूध आणायलाही जात नाही.

मागच्या फेब्रुवारीत मी ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करत होतो. कॅनडातल्या सस्काटूनची थंडी, मिशा गोठलेल्या. शेजारच्या दारातून काका बॅग ओढत बाहेर आले.

"राजू, फावडं ठेव. मला विमानतळावर सोड."

"कुठे निघालात?"

"लिस्बन."

"कधी ठरलं?"

"आत्ता, चहा पिताना. तिकीट स्वस्त दिसलं. निघायचं म्हणजे निघायचं!"

काका रिटायर्ड इंजिनियर. एकटे. लग्न "राहून गेलं" म्हणतात, विजेचं बिल भरायचं राहून जावं तसं. दर हिवाळ्यात आठवडाभर एखादी राजधानी गाठतात. सीझनमध्ये फुकट नेलं तरी जायचे नाहीत. कारंजी बंद, राजवाड्याला परांची बांधलेली, वरून पाऊस, अशा मुहूर्तावर काका तिथे हजर. परत आले की एकच पालुपद: "अख्ख्या म्युझियममध्ये मी आणि वॉचमन. गर्दी नसते रे!" फोटोही तसेच. व्हिएन्ना म्हणजे एक ओला बाक. प्राग म्हणजे दुसरा ओला बाक.

मी हसतो, पण आतून जळतो. स्पष्टच सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील अकोल्याच्या मार्केट यार्डात हमाल होते. मी शिकलो, इथे आलो, घर घेतलं, आणि हे सगळं आधी ठरवून. मनात आलं म्हणून निघालो, असं आमच्याकडे कुणी केलेलं नाही. पॅरिसच्या ट्रिपची एक्सेल शीट माझ्याकडे केव्हाची तयार आहे, नाश्त्याच्या कॉलमसकट. त्यात पासपोर्ट भारतीय, म्हणजे लहर आली तरी तिने आधी व्हिसाची अपॉइंटमेंट घ्यायची. आणि हा माणूस चहाचा कप विसळून लिस्बनला जातो!

वर त्यांना सोडायला मी, आणायलाही मी. टॅक्सीचा विषय काढला की काकांना ऐकू येत नाही. "सोडायला तू एकटा चालशील," म्हणतात, "आणायला मात्र तिघंही या." तिघं म्हणजे मी, बायको सुनीता आणि आठ वर्षांची इरा.

यंदा आमचे कॅनडाचे पासपोर्ट आले. त्याच आठवड्यात काका दारात उभे. "रोम. परवा."

मी सुनीताकडे पाहिलं. ती म्हणाली, "चला, जाऊनच येऊ!"

"काका, यंदा आम्हीपण येतो. तिघंही!"

वाटलं, पाठीवर थाप मारतील. काका बूट न काढताच सोफ्यावर बसले. "नको रे."

"तुमच्या मध्येमध्ये नाही करणार आम्ही," सुनीता जरा दुखावून म्हणाली. "वेगळ्या हॉटेलात राहू."

"तसं नाही गं. तुम्ही सगळे तिकडे आलात, तर मला घ्यायला कोण येणार?"

"अहो, बरोबरच परत येऊ की!" मी म्हणालो.

"तेच तर." काका टोपीशी चाळा करत राहिले. "राजू, वडिलांचं दुखणं काढून तू अकोल्याहून परत आलास ना, तेव्हा या दोघींना मीच गाडीतून आणलं होतं विमानतळावर. ही पोरगी तुझ्या पायाला अशी बिलगली, की तुला ट्रॉली ढकलता येईना. तिथेच उभा होतो मी. अरे, चाळीसेक वर्षं मी त्याच दारातून बाहेर येतोय आणि सरळ टॅक्सीच्या रांगेत जातोय. मला तुझा इतका हेवा वाटला! घरी आलो आणि पहिलं तिकीट काढलं, प्रागचं."

माझा हेवा. सुनीता चहा टाकायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आम्ही रोमला गेलो नाही. पॅरिसची शीट उघडून मी वर 'मे' असं लिहिलं.

आठवड्याने काकांना आणायला तिघंही गेलो. टोरांटोहून येणारं विमान लेट. इरा आधी कंटाळली, मग काळजीत पडली, मग भडकली. काका दारातून बाहेर आले तशी ती कमरेवर हात ठेवून पुढे झाली.

"You're so late! Where were you?"

"सॉरी बेटा, सॉरी," काका म्हणाले आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत थांबून तिला सगळं सांगू लागले. टोरांटोला बर्फ कसं पडलं, विमानाच्या पंखांवर बर्फ वितळवायची फवारणी कशी झाली, पायलट काय म्हणाला, शेजारचा माणूस काय म्हणाला. मागची माणसं बॅगा घेऊन बाजूने जात होती. काकांना घाई नव्हती. इराचा राग कधीच गेला होता, पण काका अजून कारणं देतच होते.