नानांचं कपाट आणि न दिसणारा शिपाई

जाधव नानांना नवीन माणूस भेटला की ते नाव विचारत नाहीत. "रक्तगट बोला," म्हणतात. नाव, गाव, नोकरी नंतर. मी महाडात त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून सामान उतरायच्या आत माझी आणि बायकोची नोंद झाली होती. टेम्पोवाल्याला स्वतःचा गट माहीत नव्हता. "रोज कशेडी घाट चढता-उतरता आणि एवढं माहीत नाय?" असं म्हणून नानांनी त्याला तपासणीला पिटाळलं.

नाना सरकारी कचेरीच्या रेकॉर्डरूममधून निवृत्त झाले. चौतीस वर्षांत एक कागद गहाळ नाही, असं ते सांगतात. "एकही नाही?" मी एकदा विचारलं. "एक झालावता. सापडला." त्यांच्या वहीत दोनशे चौदा रक्तदाते आहेत. नाना दोनशे पंधरा म्हणायचे. मी मोजले तर एक नाव दोनदा निघालं. त्यावर नाना माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

त्यातले सहा बी निगेटिव्ह. हे सहा जण म्हणजे साक्षीचे. साक्षी तुडीलची, तिसरीत आहे. तिला थॅलेसेमिया आहे, दर एकवीस दिवसांनी एक पिशवी रक्त चढवावं लागतं. म्हणजे वर्षाला सतरा पाळ्या. एकदा रक्त दिल्यावर माणसाला नव्वद दिवस थांबावं लागतं, म्हणजे वर्षात चारदा. सतराला पाच माणसं हवीत, आहेत सहा. हा हिशेब फार काटेकोर आहे. नाना तो सहा वर्षं फोनवरून सांभाळत होते.

यंदा त्यांनी एकदम जाहीर केलं, "फोन बंद. लोक फार बोलतात. आता मशीन कळवील." वही क्लाउडवरच्या एका डेटाबेसमध्ये चढवली. निरोप पाठवायला एक ऑटोमेशनचा प्लॅटफॉर्म धरला. साक्षीच्या वडिलांनी मोबाइलवर फॉर्म भरला, की प्लॅटफॉर्मनं डेटाबेसात बघायचं, ज्यांचे नव्वद दिवस झाले त्यांना निरोप टाकायचा, आणि टाकला अशी नोंद करायची.

"कपाट म्हणजे डेटाबेस एकीकडे, शिपाई म्हणजे प्लॅटफॉर्म दुसरीकडे," नाना मला समजावत होते. "दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नाय. किल्ली देऊन आपण ओळख करून द्यायची."

किल्ली म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ. ती नानांनी तीनदा पडताळून टाकली. मग स्क्रीनवर प्रश्न आला : फक्त वाचायची परवानगी द्यायची, की लिहायचीही?

"वाचायची," नाना म्हणाले.

"नाना, नोंद करायची तर लिहायला नको का?"

"शिपाई रजिस्टरात लिहीत नाय. मी कुणाला हात लावू दिलेला नाय."

गुरुवारी सकाळी नऊला साक्षीचा फॉर्म आला आणि शिपाई कामाला लागला. मधले तीन महिने साक्षीला शिबिरातलं रक्त मिळालं होतं, त्यामुळे सहाही जणांचे नव्वद दिवस झाले होते. त्यानं सहाही जणांना निरोप टाकला : 'बी निगेटिव्ह. एक पिशवी. आज. येता का?' नोंद करायला गेला, तर परवानगी नाही. पंधरा मिनिटांनी त्यानं पुन्हा कपाट उघडलं. नोंद नाही, म्हणजे निरोप गेलेला नाही. टाकला पुन्हा. साडेबारापर्यंत प्रत्येकी पंधरा, एकूण नव्वद निरोप गेले.

त्या दिवशी मला सुट्टी होती. पावणेएकला सहांतल्या पोलादपूरच्या मोरे गुरुजींचा फोन आला. "अहो, मी रक्तपेढीत आहे. आम्ही सहाच्या सहा आलोय. पोरीचं काही बरंवाईट तर नाही ना? नाना फोन उचलत नाहीत."

"कुणी दिलं का रक्त?"

"एकानं दिलं. आम्ही रांगेत आहोत."

सहाही जणांनी दिलं, तर नव्वद दिवस कुणीच उरत नाही. साक्षीच्या पुढच्या चार पाळ्या रिकाम्या. "गुरुजी, रांगेतून बाहेर या. सगळ्यांना बाहेर काढा," मी म्हणालो आणि शेजारी धावलो.

नाना टेबलाशी पेपर वाचत बसले होते. हातभर अंतरावर त्यांचा फोन मोठ्यानं वाजत होता. मी दारात उभा राहून बघितलं. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. नानांनी पान उलटलं.

मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वर केली, फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन वर्षं. हळूहळू गेलं." पेपराची घडी घालून ते म्हणाले, "माझ्या कानामुळं तिची पाळी चुकायला नको होती."

पाचही जण रक्त न देता रांगेतून बाहेर आले होते आणि शिपाई आम्ही दुपारीच बंद केला होता. संध्याकाळी नानांनी त्याला लिहायची परवानगी दिली. आम्ही तीन वेळा चाचणी घेतली, तिन्ही वेळा निरोप एकेकदाच गेला. तेवढ्यात फोनचा पडदा उजळला : साक्षीचे वडील. रक्त चढवून झालं की साक्षी नानांशी बोलते, ही रीत आहे. दोन वर्षं नाना नुसतं "हं, हं" करत होते. आज त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि कागद पुढे सरकवला.

साक्षी बोलत होती तसं मी लिहीत गेलो. 'आज सगळे काका एकदम बघितले. सहा हायत. मला वाटायचं दर वेळी एकच काका येतो. एकाला मिशी हाय.'

नानांनी कागद दोनदा वाचला. "तिला सांग, पुढच्या पाळीला मी येतो. समोरचं माणूस बोललं की मला कळतं."

मी सांगितलं. ती काय म्हणाली तेही लिहिलं : 'चार तास बसाया लागतं. डबा घेऊन या.'

"चार तास?" नाना म्हणाले. "एवढं बोलायचं काय?" मग त्यांनी वहीचं कोरं पान काढलं, वर साक्षीचं नाव लिहिलं आणि खाली एक, दोन, तीन असे आकडे घालायला लागले.