दिघे वकिलांची कायदेशीर शिकार

महाडच्या मुरारराव दिघे वकिलांचं ठाम मत होतं की शिकार ही नेमबाजीची नव्हे, कागदपत्रांची गोष्ट आहे. "कागद पक्का असला की डुक्कर आपोआप मरतं," असं ते कोर्टाच्या व्हरांड्यात चारचौघांना सांगत. त्यांच्या बाराबोअरी बंदुकीनं आजवर दोन तित्तिर आणि शेजाऱ्यांची एक घागर एवढंच टिपलं होतं. पण लायसनचं नूतनीकरण कधी एक दिवसही चुकलं नव्हतं!

त्यामुळे एकोणीसशे अठ्ठावन्नच्या दिवाळीआधी पोलादपूरच्या वर, खांबेवाडीला राहणारा त्यांचा जुना पक्षकार येसाजी डुकराची तक्रार घेऊन दारात येऊन बसला, तेव्हा वकिलांना मनातून आनंदच झाला.

"वकीलसाहेब, डुक्कर नाचणी ठेवीत नाय," येसाजी म्हणाला. "चार रातींत बांधाकडचा कोपरा साफ केलान. दोन्ही पोरं मुंबईला गिरणीत. कापायला माणूस गावत नाय, जो तो आपापल्या शेतात. आणखी आठ दिवस उभी ऱ्हायली तर घरात दाणा येत नाय."

येसाजीची वर्षाची भाकरी त्या एका उतारावर उभी होती. वकिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"एक गोळी, येसाजी. पण कायद्यानं."

आणि ते कामाला लागले. जंगलखात्याचा परवाना निघाला: रविवार एक दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, एक नर डुक्कर, हद्द येसाजीचा डोंगर, माणसाला, गुराला किंवा पिकाला इजा होता कामा नये. पोलीस पाटलाला पत्र गेलं. सरोजबाई जेवण वाढता वाढता म्हणाल्या, "डुकराला नोटीस बजावलीत का? नाहीतर ऐन वेळी तारीख मागेल." वकिलांनी तिकडे दुर्लक्ष केलं. बायकोपुढे युक्तिवाद करायचा नाही, हे ते वकिली सुरू केल्यापासून पाळत होते.

शेवटची खबरदारी मात्र त्यांच्या स्वतःच्या डोक्यातली. आसपासच्या तिन्ही वाड्यांत त्यांनी दवंडी पिटवली: रविवारी शिकार आहे, गोळीचा धोका आहे, कोणीही शेतावर किंवा रानात फिरकू नये. जबाबदार शिकारी असाच वागतो, असं त्यांनी स्वतःलाच दोनदा सांगितलं.

वकिलांना सगळे कायदे पाठ होते, फक्त त्या डोंगरावरचा एक बिनलेखी कायदा ठाऊक नव्हता. शिकारीच्या जागी जो हजर, त्याचा मटणात वाटा. कुत्रा आणलात तर कुत्र्याचाही.

रविवारी सकाळी वकील खांद्याला बंदूक, डोक्याला साहेबी टोपी आणि बगलेत परवान्याची पिशवी अशा थाटात डोंगर चढून आले, तर उतारावर ऐंशी माणसं आणि पंधरा कुत्री बसलेली! प्रत्येकाच्या कमरेला कोयती. काहींनी मटणासाठी टोप आणले होते.

"तुम्ही सगळे इथे कसे?" वकिलांनी सर्वांत वडीलधाऱ्या महिपतला विचारलं.

"दवंडी ऐकली नि आलो."

"दवंडीत येऊ नका म्हटलं होतं."

"व्हय की. पण शिकार हाय ह्ये त्याच्याबिगर आम्हाला कळलं असतं कसं? आणि शेतं तुम्हीच बंद ठेवलाव. घरी बसून काय करायचं?"

पण वकील डगमगले नाहीत. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं करून हाकारा सुरू केला. डबे वाजले, कुत्री भुंकली, आणि करवंदीच्या जाळीतून खरोखरच एक डुक्कर बाहेर आलं, आणि आलं ते थेट वकिलांच्या समोर. वकिलांनी अटी तपासल्या. नर आहे. दिवस आहे. हद्द बरोबर. डुकराच्या मागे धोंड्यावर एक माणूस विडी ओढत बसलाय.

"मारा, साहेब," महिपत कुजबुजला.

"मागे माणूस आहे."

"तो भिकू हाय. तो काय बोलायचा नाय."

वकिलांनी बंदूक खाली केली. तेवढ्यात डुकरानं कोलांटी घेतल्यासारखी दिशा बदलली आणि ते येसाजीच्या नाचणीत घुसलं.

येसाजीची बायको रंगूबाई बांधावर उभी होती. "आत हाय," ती म्हणाली. "मी बघतेय, भायेर आलेलं नाय. पण कापल्याबिगर नाय गावायचं."

पिकाला इजा नको ही अट वकिलांना आठवली. पण मालकाच्या संमतीनं कापणं म्हणजे इजा नव्हे! दोन साक्षीदारांसमोर त्यांनी येसाजीची तोंडी संमती घेतली आणि हुकूम सोडले. चारी बाजूंनी आत कापत यायचं. तुडवायचं नाही. पेंढ्या बांधून बांधावर रचायच्या. एक कणीस वाया जाता कामा नये.

मग ऐंशी कोयत्या चालू लागल्या. कोणाची मूठ सैल पडली की वकील बंदूक सावरत तिथे हजर. तिसऱ्या प्रहरी शेत खळ्याएवढं उरलं, मग बाजेएवढं. वकिलांनी बंदूक खांद्याला लावली. रंगूबाईनं शेवटची मूठ कापली.

आत एक बेडूक होता.

टोप आणलेल्यांनी ते पालथे घातले. रंगूबाईनं मात्र शेजारणींच्या मदतीनं भाकऱ्यांच्या टोपल्या आणि कुळथाचं पिठलं बाहेर काढलं. ऐंशी माणसांच्या भाकऱ्या हिनं केव्हा थापल्या, हा प्रश्न उलटतपासणीत हयात गेलेल्या वकिलांना पडला नाही. त्यांचं लक्ष येसाजीकडे होतं. तो रचलेल्या पेंढ्यांच्या उडव्याला हात लावून उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते.

"वरसाची भाकर घरात आली, साहेब," तो म्हणाला. वकिलांनाही भरून आलं.

रात्री त्यांनी अहवाल लिहिला. मारलेली जनावरं: निरंक. पिकाचं नुकसान: निरंक. "एकही नियम मोडला नाही," त्यांनी सरोजबाईंना अभिमानानं सांगितलं.

चार दिवसांनी शेजारच्या वाडीचा कुशाबा दारात आला. "साहेब, येत्या रविवारी आमच्याकडं शिकार ठेवा."

वकील खुर्चीत ताठ झाले. "किती डुकरं आहेत?"

"डुक्कर नाय, साहेब. नाचणी हाय."

"नाचणी?" वकिलांनी विचारलं.

"रंगूवैनी सांगत व्हती," कुशाबा भक्तिभावानं पुढे म्हणाला, "तुमचं ते डुक्कर शिरलं तसं पलीकडनं ओढ्यात उतरलं. तिनं डोळ्यांनी बघितलं. पण कापणी काय झाली, साहेब! एक कणीस सांडलं नाय."

वकिलांनी घसा खाकरला. चष्मा पुसला. उरलीसुरली अब्रू गोळा करून ते म्हणाले, "परवान्याला आठ दिवस लागतील."

"परवाना कशाला? तुम्ही नुसती दवंडी द्या नि टोपी घालून बांधावर उभे ऱ्हा," कुशाबा म्हणाला. "बंदूक घरी ठेवलीत तरी चालंल."