खुडूक कोंबडीखालची दुपार

वैशाखात आमची काळी कोंबडी खुडूक झाली आणि दुपारवर बसली. त्यामुळे आमच्या मळ्यात संध्याकाळ व्हायची थांबली.

चूक माझ्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची होती, पण तसं त्यांना म्हणायची सोय नव्हती. आत्याबाईंनी गोठ्याच्या कोपऱ्यात पाटीत गवत घालून कोंबडी बसवली आणि तिच्याखाली ठेवायला अंडी आणते म्हणून घरात गेल्या. तिथं त्यांचा डोळा लागला. फुटक्या कौलातून पाटीत ऊन पडलं होतं, तेच कोंबडीनं पोटाखाली ओढून घेतलं. तिला काय, बसायला काहीतरी हवं होतं.

बांधापलीकडं आनसाबाईंच्या रानात वेळेवर अंधार पडायचा, माणसं जेवून झोपायची. आमच्याकडं अडीचच वाजलेले. आमचं भागलं म्हणा. उन्हातच जेवलो, तोंडावर पदर घेऊन झोपलो. माझा जीव अडकला होता वाफ्यांत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आत्याबाईंनी यंदा पहिल्यांदाच विहिरीजवळची जागा माझी म्हणून दिली होती. मी तिथं गवार, वांगी, दोडकी लावली होती. विहिरीवरच्या मोटारीची लाईट येते संध्याकाळी. संध्याकाळच नाही म्हटल्यावर लाईट कुठून येणार? गवारीनं माना टाकल्या. आनसाबाईंनी त्यांच्या संध्याकाळी भरलेली घागर दिली, पण बांध ओलांडेपर्यंत पाणी चहासारखं तापलं.

शेवटी भैरू वायरमनला बोलावलं. त्यानं आभाळ बघितलं, कोंबडी बघितली.

"वयनी, माझ्या हातात काय न्हाई. संध्याकाळ झाल्यावर लाईट सोडायची, असा हुकूम हाय."

"आनसाबाईंच्यात सोडलीस की!"

"त्येंच्यात संध्याकाळ झालीया."

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी तडक गोठ्यात गेले. कोंबडीला उचलणार, तोच आत्याबाई आडव्या आल्या.

"हात लावू नगंस. बसल्याली कोंबडी उठवत न्हाईत."

"माझे वाफे जळायला लागलेत, आत्याबाई."

"मला दिसत न्हाई व्हय? पर अर्धी उबवल्याली दुपार नासली, तर टाकशील कुठं? आनसाच्या बांधावर?"

नासकं अंडं पुरता येतं, दुपारीला केवढा खड्डा काढणार? मी तिथंच बसून रडले. आत्याबाई आत गेल्या, ट्रंकेतलं ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं आणि वाफ्यांवर काठ्या रोवून सावलीला बांधलं. ते लुगडं त्या लग्नकार्यातसुद्धा जपून नेसायच्या. मग मीही मुकाट्यानं कोंबडीपुढं दाणे टाकले, करवंटीत पाणी ठेवलं आणि तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पुढं कधीतरी पाटीत टकटक झाली. कोंबडी जराशी उठली आणि तिच्या पंखाखालून एक संध्याकाळ बाहेर आली. ओली, मळकट, पायावर धड उभीही राहत नव्हती. पण वाळली तशी भराभर पसरली आणि बांधापर्यंत गेली. तेवढ्यात विहिरीवर मोटार सुरू झाली. मी पाटात उभी राहून एकटीच हसत होते. पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं.

ती संध्याकाळ मावळते तोवर कोंबडीखालून दुसरी निघाली. पुन्हा लाईट आली. मग तिसरी निघाली. भैरू धापा टाकत आला.

"ओ आज्जी, एका दिसात कितींदा लाईट घेताय?"

"हुकमात दिसाला किती संध्याकाळी, ते लिवलंय का?" आत्याबाईंनी विचारलं.

भैरूनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "न्हाई," म्हणाला आणि सायकलवर बसून निघून गेला.

सगळे वाफे भिजले. गवार ताठ झाली. भाकऱ्या आधीच्याच संध्याकाळी थापून झाल्या होत्या, बाकीच्या कोंबड्या डालग्याखाली गेल्या होत्या. आणि पाटीतून आणखी एक संध्याकाळ निघाली, सगळ्यांत धाकटी. हिच्यासाठी कुठलंच काम उरलं नव्हतं.

"हिचं काय करायचं?" मी विचारलं.

आत्याबाईंना अशी संध्याकाळ आयुष्यात मिळालेली नव्हती. त्या बांधावर बसल्या, दोन्ही पाय लांब केले आणि शेजारची माती हातानं साफ केली.

"बस," म्हणाल्या.

मी बसले.